काका, गाडी काळी करू का?

आमच्या शिवथरच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर लोखंडाचं काही खरं नसतं. कोयता भिंतीला टांगून ठेवला तरी गंजतो. कडी फुगलेल्या दाराला अडकून बसते, छत्रीच्या काड्या आषाढ संपायच्या आत एकेक करून राजीनामा देतात, आणि देव्हाऱ्यातली पितळी समईसुद्धा रोज हात फिरवल्याशिवाय ओळख देत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो, आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हाला वाटा देताना आभाळ कधी हात आखडता घेत नाही. अशा गावात बसून मोटारसायकलला क्रोम शोभतं की काळा रंग, याचा खल करणं म्हणजे धबधब्याखाली उभं राहून केसांना कुठलं तेल लावावं हे ठरवणं. तरीही गेल्या गणपतीत आमच्या ओटीवर हा खल झाला, आणि मोदक संपले तरी तो संपला नाही.

निमित्त पुतण्याचं. हा डोंबिवलीला असतो. त्यानं जुन्या बाजारातून एक क्रूझर घेतली होती आणि मुंबई-गोवा हायवेनं ती हाकत, कंबर शाबूत ठेवून, चतुर्थीच्या आदल्या रात्री अंगणात आणून उभी केली. ज्यांचा या जातीच्या गाड्यांशी परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो: बैठक बुटकी, गाडी लांबोडकी, पाय पुढे पसरलेले, हँडल छातीच्या उंचीला. हिच्यावर बसलेला माणूस कधीच घाईत दिसत नाही, मग मागून एसटी कितीही हॉर्न मारो. पुतण्याच्या गाडीला क्रोम भरपूर होतं. सायलेन्सर क्रोमचा, लेगगार्ड क्रोमचा, आरसे, हेडलाइटची वाटी, मागच्या माणसाला टेकायची दांडी, सगळं चकचकीत. म्हणजे डोंबिवलीत निघताना चकचकीत असणार. अंगणात आली तेव्हा पेण ते महाड या पट्ट्यातल्या सगळ्या खड्ड्यांचा जमाखर्च तिच्या अंगावर लिहिलेला होता.

सकाळी बादली आणि फडकं घेऊन तो गाडी पुसत बसला आणि पुसता पुसता म्हणाला, "काका, गाडी फुल ब्लॅक करू का?"

त्याच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण क्रोम आणि काळा ही फाळणी काही त्यानं केलेली नाही. आपल्या पुण्याच्या बजाजनं २००१ साली कावासाकीच्या सोबतीनं एलिमिनेटर आणली, आणि २००५ साली तिच्याच वळणाची अ‍ॅव्हेंजर. मराठी तरुणांच्या आवाक्यातली पाय पसरून बसायची गाडी ती हीच. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीनं अ‍ॅव्हेंजरच्या वाटण्या केल्या. एक क्रूझ, दुसरी स्ट्रीट. २२० सीसीचं इंजिन तेच, सांगाडा तोच, किंमतही सारखी ठेवली. क्रूझला उंच हँडल, तारांची चाकं आणि क्रोम. स्ट्रीटला आडवं बुटकं हँडल, अ‍ॅलॉय चाकं आणि इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत काळोख. सख्ख्या बहिणी, एक लग्नाला निघालेली, दुसरी कॉलेजला. पैशाचं किंवा मायलेजचं कारण पुढे करायची सोयच राहिली नाही. माणसाला पहिल्यांदाच नुसत्या आवडीवर निर्णय घ्यावा लागला, आणि नुसत्या आवडीवर निर्णय घ्यायची आपल्याला सवय नाही. रॉयल एनफिल्डनं तर २०२१ च्या नव्या क्लासिक ३५० मध्ये एका प्रकाराचं नावच 'डार्क' ठेवलं आणि दुसऱ्याचं 'क्रोम'. पैकी क्रोम तेव्हा सगळ्यांत महाग. आणि ज्या अमेरिकी हार्ले-डेव्हिडसननं जगाला चकचकीत दांड्यांचं वेड लावलं, तिनंच २००९ मध्ये आयर्न ८८३ नावाची गाडी जवळजवळ सगळी काळी करून बाजारात आणली होती. थोडक्यात, मोठमोठ्या कंपन्यांना जो प्रश्न सुटला नाही, तो आमच्या ओटीवर आला.

ओटीवरचं पहिलं मत आईचं. ती म्हणाली, "दसऱ्याला काळी गाडी पुजायची? शोभेल का?"

"आजी, पांडुरंग काळाच आहे ना?"

"त्याला कोणी स्प्रे नाही मारलेला."

यावर पुतण्या गप्प बसला, पण आई बसली नाही. काळ्या रंगाबद्दल आमच्याकडच्या बायकांचं धोरण फार बारकाईनं आखलेलं असतं आणि ते पुरुषांना कधी नीट कळत नाही. एरवी सणासुदीला काळं नको. संक्रांतीला मात्र काळीच साडी हवी. बारशाला काळं नको. बाळाच्या गालावर मात्र काळी तीट हवीच. नव्या घराच्या माळ्यावर उलटी काळी बाहुली चालते, दारावर काळा रंग चालत नाही. थोडा विचार केल्यावर आईनं स्वतःच तोड काढली. चकचकीत गाडीला दृष्ट लागते, म्हणून तिला काळा दोरा, लिंबू-मिरची हे सगळं करावं लागतं. गाडी अख्खीच काळी केली तर ती स्वतःच एक मोठी तीट झाली. लिंबाचा खर्च वाचला. हा युक्तिवाद मला आजवर कुठल्याही शोरूममध्ये ऐकायला मिळालेला नाही.

दुसरं मत आलं फौजी आंबवड्याच्या एका निवृत्त सुभेदारांचं. आंबवडे आमच्याच महाड तालुक्यातलं. घराघरातून सैन्यात माणूस, म्हणून गावाच्या नावाआधी 'फौजी' लागलं ते कायमचं. सुभेदार आरतीला आले होते. त्यांनी नोकरीत बुलेट चालवलेली, आणि फौजेच्या गाडीला चकाकी म्हणून नसते. हिरवा, निस्तेज, हात फिरवला तर खरखरणारा रंग. ते म्हणाले, चमकणारी वस्तू पहिली दिसते आणि पहिली दिसते तीच पहिली जाते. पुतण्याला वाटलं, आपला माणूस मिळाला. पण सुभेदारांनी लगेच पुढचं वाक्य टाकलं: "तुला कोणापासून लपायचंय?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं, पण मी दिलं नाही. ही गाडी वर्षातला बहुतेक काळ डोंबिवलीच्या सोसायटीत ताडपत्रीखाली असते. तिला क्रोम असलं काय आणि शेवाळ असलं काय, बघणारं कोणी नाही. तिचा खरा देखावा गणपती, शिमगा आणि एखाद्या लग्नापुरता, तोही गावात. आणि गावातली पोरं दुरून गाडी ओळखतात ती आवाजावरून.

आता क्रोमची बाजू. मी क्रोमच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना सावध राहता येईल.

क्रोमचा मुलामा देण्याचं तंत्र कारखान्यात रुळलं ते १९२० च्या दशकात, आणि बघता बघता जगभरच्या मोटारींचे बंपर आरशासारखे झाले. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनी यांच्या तोंडावर जी चांदी असायची ती हीच. पण तिच्यात क्रोमियम किती असतं हे कळल्यावर माणूस थोडा खट्टू होतो. शोभेच्या मुलाम्यात वरचा क्रोमचा थर अर्धा मायक्रॉनही असेलच असं नाही. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. खाली असतो निकेलचा थर, क्रोमच्या कितीतरी पट जाड, आणि बऱ्याचदा त्याखाली तांबं. लोखंडाला पावसापासून वाचवायचं काम निकेल करतं. क्रोम वर बसून निळसर हसतं आणि श्रेय घेतं. जुने मेकॅनिक अजूनही "निकेल गेलंय गाडीचं" असंच म्हणतात, आणि रसायनशास्त्राच्या हिशेबात ते बरोबर आहेत.

या थरांना डोळ्याला न दिसणारी छिद्रं आणि भेगा असतात. आमच्याकडे चार महिने हवाच ओली असते. पाणी त्या छिद्रातून आत शिरतं, लोखंडापर्यंत पोचतं, आणि मग एके दिवशी लेगगार्डवर मोहरीएवढा तपकिरी ठिपका उगवतो. उद्या दोन. पुसला तर जातो, चार दिवसांनी परत येतो. इथेच क्रोमचा स्वभाव कळतो. क्रोम चहाडखोर आहे. तुम्ही गाडी पुसली नाही, पावसात उभी केली, चिखल वाळू दिला, की ते लगेच गावभर सांगतं. त्याला पोटात ठेवता येत नाही. बेंड पाइप तापून तापून पिवळा, मग जांभळा, मग निळा पडतो, आणि जाणकार त्या रंगावरून सांगतो की गाडी जास्त तापलीय. हे सगळं माणसाला अपमानास्पद वाटतं खरं, पण मला विचाराल तर ज्या घरात गंज आहे तिथे चहाडखोर माणूस हवाच. ठिपका मोहरीएवढा असताना कळला तर उपाय सोपा आहे: डब्याला गुंडाळतो तो अ‍ॅल्युमिनियमचा कागद, थोडं पाणी, आणि हलक्या हातानं घासणं. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे क्रोमवर ओरखडे उठायची भीती कमी, आणि गंज निघतो. वर मेण किंवा तेलाचा हात दिला की पुढचा पंधरवडा निभतो. पुतण्याला मी हे करून दाखवलं. त्यानं एक आरसा घासला, फोटो काढला आणि उरलेला कागद आईला परत नेऊन दिला.

काळ्याचा स्वभाव अगदी उलटा. काळा अबोल. त्याच्याखाली काय चाललंय ते तो सांगत नाही. पावडर कोटिंग केलेली दांडी बाहेरून वर्षभर धडधाकट दिसते. ही पावडर विजेच्या भारानं धातूला चिकटवतात आणि भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजतात. काम नीट झालं असेल तर थर चिवट असतो, यात शंका नाही. पण एखादा दगड उडाला, टवका गेला, की पाणी त्या जागेतून आत जातं आणि रंगाच्या आडोशानं पसरतं. मग एक दिवस फोड येतो. बोटानं दाबला तर पापुद्रा हातात आणि आत सगळा भुगा. काळ्या गाडीचा मालक तोवर निश्चिंत असतो, गाणी ऐकत असतो.

आणि काळा म्हटलं की सगळ्यांना मॅट हवा असतो. मॅट म्हणजे ज्याला चमक नाही, आणि चमक आणायचीही नाही. पॉलिश लावलं की तेवढाच भाग तुकतुकीत होतो. ओरखडा पडला तर बफिंग करून काढता येत नाही, कारण बफिंग म्हणजे चमक आणणंच. टाकीवर पेट्रोल सांडलं, तेलकट बोट लागलं, डाग राहिला. आमच्याकडे नव्या गाडीच्या टाकीवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतात. तुपाचा हात लागलेलं कुंकू मॅट रंगावर काढलं तर पुढच्या दसऱ्याला नवं काढायची गरज उरत नाही. चकचकीत रंगावरून तेच स्वस्तिक ओल्या फडक्यानं एका दमात जातं. धर्म आणि मॅट फिनिश यांचं जमत नाही, असं माझं नम्र निरीक्षण आहे. आणि धूळ! लोकांचा समज असा की काळ्यावर मळ दिसत नाही. तो समज मुंबईचा. तिथला मळच काळा. आमची माती तांबूस. काळ्या गाडीवर ती अशी उठून दिसते की गाडी कुठल्या वाडीवरून आली तेही सांगता यावं.

काळ्याच्या बाजूनं दोन खरे मुद्दे आहेत, ते दाबून ठेवणं बरं नाही. एक, चैत्र-वैशाखात घाट चढताना क्रोमच्या वाटीवरून ऊन परावर्तित होऊन थेट डोळ्यात येतं. काळ्यात तो त्रास नाही. दोन, काळा पृष्ठभाग उष्णता जास्त सोडतो, म्हणून इंजिन काळं असेल तर ते किंचित बरं निवतं. किंचितच. गाडी थंड राहते ती वाऱ्यानं, आणि सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागली की वाराही नसतो, मग इंजिन कुठल्याही रंगाचं असो, ते तापतं आणि त्यावर बसलेलाही.

संध्याकाळी आम्ही शिवथरघळीकडे गेलो. गर्दी होतीच. पावसाळ्यातल्या रविवारी इथे पुण्यामुंबईच्या मोटारसायकलींचा जो मेळा भरतो, तो बघण्यासारखा असतो. वरंध घाट चालू असला तर भोरकडून येणारे वेगळेच. धबधबा इतका मोठ्यानं पडतो की घळीच्या तोंडाशी माणसं खुणांनी बोलतात. समर्थ रामदासांनी कल्याणस्वामींना दासबोध सांगितला तो इथे, असं मानतात. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही जागा शोधून काढली, तोवर ती झाडीत आणि विस्मृतीत होती. आत समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहून घेताहेत अशा मूर्ती आहेत.

पुतण्या बाहेरच्या कातळाकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा काका, निसर्गानं पण सगळं ब्लॅक केलंय." सह्याद्रीचा बेसॉल्ट काळा, हे खरंच. पण तो मे महिन्यात मॅट असतो आणि जुलैत ग्लॉस. पाणी पडलं की त्याच्यात आभाळ दिसतं. म्हणजे आमच्या डोंगराला दोन्ही हौसा आहेत आणि त्याला कुठल्याच गॅरेजचं बिल येत नाही.

मला मात्र घळीत दासबोधाचा एकोणिसावा दशक आठवला. त्याचा पहिला समास लेखनक्रियेचा. तिथे समर्थ अध्यात्म बाजूला ठेवून चक्क पोथी कशी लिहावी ते सांगतात: अक्षर वाटोळं सरळ हवं, ओळी सुबक हव्यात, अक्षराचा काळेपणा आणि टाकाची जाडी सगळीकडे सारखी हवी, आणि ग्रंथ संपेपर्यंत पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे. मोटारसायकल काळी करू इच्छिणाऱ्या प्रत्येकानं हा समास वाचावा असं मी सुचवतो, कारण फुल ब्लॅकची खरी गोम इथेच आहे. काळा हा एक रंग नाही. टाकीचा काळा वेगळा, पावडर कोटिंगचा वेगळा, सायलेन्सरवर मारतात त्या उष्णता सोसणाऱ्या रंगाचा वेगळा, तो तापून तापून करडा पडतो तो आणखी वेगळा. प्लॅस्टिकचा काळा उन्हानं पांढुरका होतो, आणि सीटचा काळा कशाशीच जुळत नाही. घरच्या घरी काळ्या केलेल्या गाड्या मी पार्किंगमध्ये निरखून पाहिल्या. एकेका गाडीवर पाच-पाच टाकांचं अक्षर होतं. क्रोमला ही अडचण नाही. त्याला स्वतःचा रंगच नसतो. शेजारी जे असेल ते दाखवतं आणि वेळ मारून नेतं. कंपनीत एका वेळी रंगवलेली काळी गाडी देखणी दिसते ती याच एकसारखेपणामुळे, आणि तिचे पैसे त्या शिस्तीचे असतात.

हे सगळं मी पुतण्याला समजावलं. तो म्हणाला, "काका, मूर्खांची लक्षणंसुद्धा याच पुस्तकात आहेत ना?" आहेत. दुसऱ्या दशकात, पहिल्याच समासात. आणि दहाव्या समासात पढतमूर्खाची आहेत, ती त्यानं मुद्दाम विचारली नाहीत, घरची रीत पाळली.

परतताना चहाच्या टपरीवर कायद्याचा विषय निघाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं की उत्पादकानं जे मूळ रूप दिलं त्याला सोडून गाडीत फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. रंग बदलायचा तर आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि रस्त्यात मांडून त्यावर रोलर फिरवतात, तेव्हा तो क्रोमचा होता की काळा हे कोणी बघत नाही. पण गंमत पुढेच आहे. आरसी बुकात गाडीच्या रंगाचा रकाना असतो, क्रोमचा नसतो. पुतण्याच्या एमएच-०५ गाडीच्या आरसीवर रंग लिहिला होता: काळा. टाकी आणि मडगार्ड काळे, म्हणून. म्हणजे कल्याणच्या आरटीओच्या मते गाडी पहिल्यापासून काळीच होती आणि इतका वेळ आम्ही जो वाद घातला तो सरकारदरबारी अस्तित्वातच नव्हता.

टपरीवाल्याचं मत मी विचारलं नाही, पण त्यानं दिलं. तो महाडचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याची गाडी बाजारपेठेत पाण्याखाली गेली होती. पाणी उतरल्यावर रांगेनं गाड्या उभ्या होत्या आणि सगळ्या एकाच रंगाच्या, गाळाच्या. स्वतःची गाडी ओळखायला त्याला नंबर प्लेट हातानं पुसावी लागली. त्याच पावसात आमच्या तालुक्यात तळिये गावावर दरड आली. त्याबद्दल चहाच्या टपरीवर कोणी फार बोलत नाही, आणि आम्हीही बोललो नाही. त्यानं दुसरा चहा दिला आणि म्हणाला, रंग कुठलाही द्या, चेनला तेल द्या.

विसर्जन झालं, पुतण्या परत गेला, आणि जाऊन त्यानं चौकशी केली. कोटिंगवाल्यानं सांगितलं, क्रोमवर पावडर धरत नाही; गुळगुळीत पृष्ठभागावरून ती पापुद्र्यानं सुटते. आधी क्रोम उतरवायचं, मग धातू खरखरीत करायचा, मग काळं. उतरवायचे पैसे वेगळे. म्हणजे ज्या चकाकीसाठी पहिल्या मालकानं पैसे मोजले, ती घालवायला दुसऱ्यानं मोजायचे. पुतण्यानं मधला मार्ग काढला. सायलेन्सर तसाच ठेवला, आणि लेगगार्ड, आरसे, मागची दांडी यांवर बाजारातून डबा आणून सुट्टीच्या दिवशी स्वतःच काळा स्प्रे मारला. फोटो पाठवला. फोटोत छान दिसत होतं. फोटोत गाळाची गाडीही छान दिसते.

शिमग्याला तो आला तेव्हा हायवेवरच्या खडीनं आपलं काम केलेलं होतं. लेगगार्डवर पुढच्या बाजूनं काळ्यातून क्रोमचे बारीक ठिपके डोकावत होते, जिथे जिथे दगड लागला तिथे तिथे. क्रोम आतूनही चहाडी करत होतं. पुतण्या खट्टू झाला असेल म्हणून मी काही बोललो नाही. आईनं मात्र चष्मा लावून नीट पाहिलं आणि चांदण्यांची साडी असते तसं दिसतंय, बरं दिसतंय, असं सांगून टाकलं.

पण त्याचं मन आता काळ्यातून उडालं होतं. २०२३ साली आलेल्या बुलेट ३५० मध्ये 'ब्लॅक गोल्ड' नावाचा एक प्रकार आहे, काळ्यावर तांबूस-सोनेरी रेघा ओढलेला. तो त्यानं कुठेतरी उभा पाहिला. जेवताना म्हणाला, "आजी, मी ठरवलंय. आरसे, इंजिनाची कव्हरं आणि हँडलची टोकं तांब्याच्या रंगाची करायची. काळ्यावर तांबं म्हणजे एकदम रॉयल."

आई उठली. मागच्या पडवीत आमचा जुना पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे, गेल्या पावसापासून कोणी हात न लावलेला, हिरवा-काळा पडलेला. तो तिनं ओढत आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला, वाटीभर चिंच कोळून दिली, आणि म्हणाली, "हात धुऊ नकोस. आधी याचं रॉयल काढ."